तुंबलेली नळी आणि वळणाची वाट

ह्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत किंवा गिरणगावचा इतिहास ह्यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. म्हणून आम्ही विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. मांजराची मूत्रवाहिनी तुंबली असता तिला वळसा घालून लघवीला दुसरी वाट कशी काढून देतात, आणि ही युक्ती माणसाला कोणत्या क्रमाने सुचत गेली, हा तो विषय. कोणास हसू आले असेल तर त्यांनी हसून घ्यावे. प्रथम आम्हांसही आले होते.

ते हसू गेले कसे, हे आधी सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत जुन्या दाव्यांच्या फायलींची कपाटे आहेत, आणि फायली म्हटल्या की उंदीर आले. त्यांच्या बंदोबस्तासाठी एक करडी मांजरी ठेवली होती. सहा वर्षे तिने चाकरी इमानाने केली. एका उन्हाळ्यात तिने खाणे सोडले आणि ती कपाटाखाली जाऊन बसू लागली. थोडी थोडी लघवी होत होती, म्हणून पोटाचे काही असेल, उतरेल, असे म्हणत आम्ही दोन दिवस घालवले. पशुवैद्यांनी सोनोग्राफी केली आणि सांगितले, की हिचे एक मूत्रपिंड केव्हाच सुकून गेले आहे, आणि ज्या दुसऱ्याच्या जिवावर ती जगत होती त्याची नळी आता खड्याने बंद झाली आहे. नळीला वळसा घालण्याचे एक साधन असते. पण ते परदेशाहून मागवावे लागेल. त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साधन मागवायचे की नाही हे ठरण्यापूर्वीच मांजरी गेली. ते साधन म्हणजे काय, एवढे तरी समजून घ्यावे म्हणून आम्ही वाचायला बसलो.

मूत्रपिंडे दोन, आणि प्रत्येकापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी, ती मूत्रवाहिनी. माणसात तिची आतली पोकळी काही मिलिमीटर भरते. मांजरात ती ०.४ मिलिमीटर असते. म्हणजे शिवणाचा जाडसर दोरा जेमतेम जाईल एवढी. त्यात वाळूच्या कणाएवढा खडा अडकला तरी मागे लघवी साचते, मूत्रपिंडाची पोकळी फुगते आणि दाबाखाली गाळण्याचे काम थांबते. किती दिवसांत किती नुकसान होते, ह्याचे प्रयोग १९७०च्या दशकात कुत्र्यांवर झाले. नळी सात दिवस पूर्ण बंद राहिली तर त्या बाजूची गाळण्याची शक्ती सुमारे ३५ टक्के कायमची जाते. चौदा दिवस राहिली तर निम्म्याहून अधिक जाते. मांजराच्या बाबतीत आणखी एक फसवणूक असते. एक नळी बंद झाली तरी दुसरे मूत्रपिंड वाढून दोघांचे काम अंगावर घेते, आणि मांजर वरवर ठीक दिसते. पहिले मूत्रपिंड मुकाट्याने सुकते. मग महिन्या-वर्षांनी दुसरी नळी बंद होते, तेव्हा घरच्यांना कळते. एक मोठे आणि एक लहान मूत्रपिंड, असे हे चित्र पशुवैद्यांच्या इतके ओळखीचे आहे की त्याला त्यांनी त्याच अर्थाचे नाव दिले आहे. खात्यातला एक माणूस गेल्यावर उरलेला एकटा दोन मशिनी चालवतो आणि व्यवस्थापन म्हणते, सर्व सुरळीत आहे. तो खाली बसला की मग धावपळ सुरू होते. आमच्या मांजरीचे तेच झाले होते.

नळ तुंबला तर कारखान्यातला फिटर काय करतो? सवड असेल तर तेवढा भाग उघडून कचरा काढतो. नाहीतर खराब तुकडा कापून टाकून नळ पुन्हा जोडतो. तेही जमत नसेल तर आत दुसरी बारीक नळी सरकवतो. आणि काहीच जमले नाही तर तुंबलेला नळ आहे तिथे ठेवून बाजूने बायपास काढतो. शल्यवैद्यांना ह्याहून निराळे काही सुचलेले नाही, हे वाचून आम्हांस बरे वाटले. मात्र त्यांना त्यासाठी दीडशे वर्षे लागली.

ह्या इतिहासाच्या आरंभी सायमन नावाचे दोन गृहस्थ आहेत. एक इंग्रज, एक जर्मन, आणि दोघांचे नाते काही नाही. लंडनच्या जॉन सायमन ह्यांच्याकडे १८५१ साली तेरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे मूत्राशय जन्मतः उघडे होते. सायमन ह्यांनी त्याच्या मूत्रवाहिन्यांची वाट गुदाशयाकडे वळवली. मुलगा वर्षभराने वारला. पण मूत्रवाहिनी नेहमीचे ठिकाण सोडून दुसरीकडे वळवता येईल, हा विचार शल्यशास्त्रात आला तो तेव्हापासून. हेच जॉन सायमन १८४८पासून लंडन शहराचे आरोग्याधिकारी होते आणि गरिबांच्या वस्त्यांतील गटारे व पाणी ह्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. तुंबलेल्या शहरालाही ते वाट काढून देत होते, असे म्हणावेसे वाटते. पण कोटीचा मोह इथेच आवरतो.

दुसरे गुस्ताव सायमन, हायडेलबर्गचे. त्यांच्याकडे आलेल्या स्त्रीची मूत्रवाहिनी पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत दुखावली होती आणि लघवी सतत भलतीकडून वाहत होती. नळी दुरुस्त होईना. तेव्हा त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकावे असे त्यांनी ठरवले. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगतो का? हे त्या काळी कोणालाच खात्रीने माहीत नव्हते. त्यांनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून पाहिल्या, कुत्री जगली. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी त्यांनी त्या स्त्रीचे मूत्रपिंड काढले आणि ती बरी झाली. माणसाला हे धैर्य कुत्र्यांच्या जिवावर मिळाले, ही नोंद पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावी.

इथे एका कारागिराचे नाव घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. शरीरात घालायच्या नळ्यांची जाडी सर्व जगात 'फ्रेंच' ह्या मापाने मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. हे माप ठरवले शार्येर ह्यांनी. हे डॉक्टर नव्हते. लहानपणी पॅरिसमध्ये चाकू-सुऱ्या करणाऱ्याकडे ते उमेदवारीला लागले आणि पुढे शल्यवैद्यांची हत्यारे घडवणारे युरोपातले नामांकित कारखानदार झाले. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यांचे नाव उच्चारता येईना, म्हणून माणूस गेला आणि देशाचे नाव राहिले. वैद्यकाच्या इतिहासात शस्त्र चालवणाऱ्याचे नाव राहते आणि शस्त्र घडवणाऱ्याचे बहुधा जात नाही ते एवढ्यापुरतेच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसाच्या तुंबलेल्या नळीसाठी पोट उघडणे हाच मुख्य उपाय होता. १९५३ साली स्टॉकहोमच्या सेल्डिंगर ह्यांनी एक साधी पण अजोड युक्ती प्रसिद्ध केली. आधी सुई घालायची, सुईतून तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, आणि तारेवरून नळी सरकवायची. त्यांनी ती रक्तवाहिन्यांसाठी काढली. पण तारेवरून नळी सरकवणे ही गोष्ट एकदा हाताला लागली, की ती सर्व पोकळ अवयवांत चालू लागली. १९५५ साली अमेरिकेत विलार्ड गुडविन ह्यांनी पाठीतून सुई घालून फुगलेल्या मूत्रपिंडातली लघवी बाहेर काढण्याची पद्धत मांडली. १९६७ साली झिम्सकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोनची नळी मूत्राशयाच्या बाजूने मूत्रवाहिनीत सरकवून ठेवली. ती घसरून खाली येई. १९७८ साली रॉय फिनी ह्यांनी तिच्या दोन्ही टोकांना इंग्रजी 'जे' अक्षरासारखा आकडा दिला आणि ती जागच्या जागी राहू लागली. आज ज्यांना मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर 'स्टेंट टाकला आहे' असे सांगतात, त्यांच्या पोटात हीच दोन आकड्यांची नळी असते. १९८० साली म्युनिकमध्ये बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचे यंत्र आले, तेव्हा तर माणसाच्या मुतखड्याचा प्रश्न बराचसा सुटल्यासारखा झाला.

मांजराला ह्यातले काही लागू पडत नव्हते. ०.४ मिलिमीटरच्या नळीतून फुटलेल्या खड्याचे तुकडे तरी कुठून जाणार? आणि नेमक्या ह्याच वेळी मांजरांत खड्यांची एक नवी साथच सुरू झाली. ह्या कथेतला आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे.

मांजर मूळचे कोरड्या प्रदेशातले जनावर. ते पाणी थोडे पिते आणि लघवी दाट करते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली व युरोपातली मांजरे घरात कोंडली गेली आणि कारखान्यातले कोरडे खाद्य खाऊ लागली. त्यांना स्ट्रुव्हाइट नावाचे खडे होत. ह्यात मॅग्नेशियम असते आणि लघवी आम्ल केली की हे खडे विरघळतात. म्हणून १९८०च्या दशकात खाद्य बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्ल होईल असे घटक घातले. स्ट्रुव्हाइट हटले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९८१पासून देशोदेशींचे खडे तपासले जातात. तिथे आरंभी मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइट तीनचतुर्थांशांहून अधिक होते आणि कॅल्शियम ऑक्झलेट जेमतेम दोन टक्के. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑक्झलेटने स्ट्रुव्हाइटला मागे टाकले. आणि ऑक्झलेट कशानेही विरघळत नाही. शिवाय ते मूत्रपिंडात धरते आणि तिथून मूत्रवाहिनीत उतरते. सर्व दोष खाद्याचाच असे कोणी शाबीत केलेले नाही. रक्तातले कॅल्शियम, वय, वंश, पाणी ही कारणेही आहेत. पण एका खड्यावरच्या उपायाने दुसऱ्याला वाट मोकळी करून दिली, हा संशय तज्ज्ञांनीच व्यक्त केला आहे. मांजराने काय खायचे हे मांजराला कोणी विचारले नव्हते.

खडा विरघळत नाही, फोडता येत नाही. तेव्हा उरली सुरी. मांजराची मूत्रवाहिनी कापून पुन्हा शिवायची तर डोळ्यांपुढे शल्यक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि हातात केसाहून बारीक टाका पाहिजे. हे कसब आले ते एका निराळ्याच कामातून. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे १९८७ साली क्लेअर ग्रेगरी आणि आयरा गोर्ली ह्यांनी मांजरांत मूत्रपिंडाचे रोपण सुरू केले. नवे मूत्रपिंड बसवायचे म्हणजे त्याची नळी मूत्राशयाला जोडणे आलेच. ज्या मांजराचे मूत्रपिंड घेतले त्यालाही रोग्याच्या धन्याने आजन्म सांभाळावे, अशी तिथे अट असे. ही अट आम्हांस फार आवडली. ह्या कसबावर पुढे तुंबलेल्या नळ्या उघडणे आणि कापून पुन्हा जोडणे सुरू झाले. १६३ मांजरांचा एक हिशेब २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १८ टक्के दगावली आणि जवळजवळ तिसऱ्या हिश्शात गुंतागुंत झाली. कुठे टाक्यातून लघवी गळली, कुठे नळी पुन्हा आवळली. तरीही नुसत्या औषधावर ठेवलेल्यांपेक्षा ही बरी जगली.

मग फिनी ह्यांच्या दोन आकड्यांच्या नळीची मांजरासाठी लहान आवृत्ती निघाली, २.५ फ्रेंच, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर. ०.४च्या वाटेत ०.८ची नळी कशी जाते, असे कोणी विचारील. मूत्रवाहिनी तिच्याभोवती ताणली जाते आणि हळूहळू सैलावते. लघवी नळीतून व तिच्या बाजूनेही जाते. अॅलिसन बेरेंट, चिक वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१० ह्या काळातील ६९ मांजरांचा अनुभव मांडला. बहुतेकांत नळी बसली. पण ती बसवणे जिकिरीचे होते, काही पुढे पुन्हा तुंबल्या, आणि खालचा आकडा टोचून कित्येक मांजरांना लघवीची आग होई.

बेरेंट व वाइस पुढे ज्या इस्पितळात काम करू लागले ते न्यूयॉर्कचे अॅनिमल मेडिकल सेंटर. त्याचे मूळ १९१०मध्ये आहे. एलिन प्रिन्स स्पायर नावाच्या बाईंनी उभारलेल्या महिलांच्या संस्थेतून ते वाढले, आणि १९१४ साली ज्यांना पैसे देणे शक्य नाही अशांच्या जनावरांसाठी तिने मोफत दवाखाना उघडला. त्या काळी न्यूयॉर्कात माल ओढणारे घोडे होते. हे वाचताना आम्हांस परळ आठवले नसते तरच नवल. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ १८८३चे. त्याच्या शेजारी १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. इस्पितळाला देणगी देणारे सर दिनशा पेटिट हे गिरणीमालक. त्याच परळ भागात १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली, आणि ती मिळाली १८९० साली. बैलाला इस्पितळ आधी आणि माणसाला रविवार मागून, हे वाक्य तरुणपणी आम्ही सभांतून टाळ्यांसाठी वापरत असू. आता वापरत नाही. इस्पितळ चुकीचे नव्हते. रविवार उशिरा आला, हे चुकीचे होते. मुंबईत काय आणि न्यूयॉर्कात काय, ही इस्पितळे राबणाऱ्या जनावरांच्या दिवसांतली आहेत, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे.

आता तो चौथा मार्ग. १९९०च्या दशकात युरोपातील शल्यवैद्यांपुढे एक करुण प्रश्न होता. ओटीपोटातल्या कर्करोगाने ज्यांच्या मूत्रवाहिन्या दाबून बंद झाल्या, ज्यांचे दिवस थोडे उरले, त्यांना पाठीतून बाहेर काढलेली नळी आणि कमरेला बांधलेली लघवीची पिशवी घेऊन जगावे लागे. पॅरिसच्या देग्रॉशां व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ह्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. मूत्रपिंडातून नळी काढायची, कातडीखालून पुढे न्यायची आणि मूत्राशयात सोडायची. पिशवी नको, बाहेर काही दिसायला नको. माणसांत ही पद्धत मोजक्याच रोग्यांपुरती राहिली.

बेरेंट व वाइस ह्यांनी ती मांजरासाठी घेतली आणि तिच्यात एक भर घातली. मूत्रपिंडाच्या पोकळीत, सेल्डिंगर ह्यांच्या तारेच्याच युक्तीने, टोकाला वेटोळे असलेली एक नळी बसवायची. वेटोळ्यातून दोरा ओढून घेतला की ते उलगडत नाही, म्हणून नळी निसटत नाही. दुसरी नळी मूत्राशयात. दोन्ही पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीखाली एका लहानशा धातूच्या डबीला जोडायच्या. लघवी मूत्रपिंडातून डबीत येते, डबीतून मूत्राशयात जाते. खडा आणि तुंबलेली मूत्रवाहिनी दोन्ही जागच्या जागी राहतात. त्यांना हात लावायचा नाही. नळ्या २ मिलिमीटरच्या आसपास जाड, म्हणजे मांजराच्या स्वतःच्या वाटेच्या पाचपट. डबीची कल्पनाही माणसाकडूनच आली. कर्करोगाच्या रोग्यांना वारंवार औषध टोचण्यासाठी १९८०च्या दशकापासून कातडीखाली अशी डबी बसवतात. कुत्र्यांनी माणसाला जे शिकवले आणि मरणपंथाच्या माणसांसाठी जे निघाले, ते फिरून मांजराकडे आले. जनावरावर प्रयोग आणि माणसाला लाभ, हा व्यवहार आपण नेहमी ऐकतो. ही उधारी उलट्या दिशेने फिटलेली आम्ही प्रथमच पाहिली.

२००९ ते २०१५ ह्या काळातील १३४ मांजरांचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या १७४ मूत्रवाहिन्यांना असा वळसा घातला होता, आणि १००पैकी ९४ मांजरे जिवंत घरी गेली. त्याआधीच, २०१६ साली, अमेरिकेतील पशुवैद्यांच्या परिषदेने मूत्रवाहिनीतील खड्यांसाठी जुन्या शस्त्रक्रियेऐवजी आतली नळी किंवा हा वळसा, ह्यांची शिफारस केली होती. सर्वांना ते मान्य आहे असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हात बसलेला शल्यवैद्य असेल तर खडा काढून नळी शिवणेच बरे, कारण शरीरात परकी वस्तू राहत नाही, असे म्हणणारेही आहेत. आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. कारण वळशाचीही किंमत असते. नवी नळी झाली तरी लघवी तीच, दाट आणि क्षारांची. त्याच हिशेबात जवळजवळ चौथ्या हिश्शातील नळ्यांत पुढे क्षार साचले. कधी नळी मुडपते, कधी रक्ताची गुठळी अडकते, कधी जंतू घर करतात. वाट मोकळी झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तर तुंबलेले पाणी इतक्या जोराने सुटते, की शरीरातले पाणी व क्षार तासातासाला मोजावे लागतात. मोजणी चुकली तर सुटलेली मांजर त्यातही जाते.

आणि पैसा. जिथे ही शस्त्रक्रिया होते तिथेही तो सामान्य पगारदाराला परवडणारा नाही; जनावरांचा विमा ज्या देशांत आहे तिथे तिचा प्रसार झाला, ह्यात आश्चर्य नाही. माणसाच्या इस्पितळातच जिथे पावती फाडल्याशिवाय खाट मिळत नाही, तिथे मांजराचे काय घेऊन बसलात, असे आमचेच सहकारी म्हणतील. आम्हांस ह्यात मोठे उत्तर देता येत नाही. एवढे कळते, की सोनोग्राफी दोन दिवस आधी झाली असती तर निदान निर्णय घ्यायला सवड मिळाली असती. आणि रक्ताची तपासणी व सोनोग्राफी ह्यांना परदेशी साधन लागत नाही. खाणे सोडलेली, कोपऱ्यात बसणारी मध्यमवयीन मांजर लघवी करीत असली तरी तिची मूत्रपिंडे पाहून घ्यावीत.

ज्यांच्या पोटात डबी बसते त्यांचे पुढे काय होते, हे वाचताना आम्हांस गंमत वाटली. दर तीन महिन्यांनी मांजर दवाखान्यात न्यायची. पोटाची कातडी स्वच्छ करून डबीत बारीक सुई घालायची. सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्रपिंडाकडे पाहत द्रव सोडायचा. नळी उघडी असेल तर मूत्रपिंडात बुडबुडे उठलेले दिसतात, मग मूत्राशयात दिसतात. आरंभी साधे खारे पाणी सोडत. पुढे साचलेले क्षार विरघळवणारे द्रावण सोडू लागले. भूल लागत नाही. मांजर पाठीवर पडून राहते, काही तर घुरघुरतात म्हणे, आणि काम झाले की टोपलीत बसून घरी जाते.

आमच्या कचेरीत आता दुसरी मांजर आहे, काळी-पांढरी. तिला ओले खाद्य मिळते आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवलेली असतात. ती रोज भरण्याचे काम खजिनदारांनी आपण होऊन स्वतःकडे घेतले आहे.